प्रसूतीची घटका कोणी ठरवावी?



कामगार संघटनेचा माणूस बाळंतपणावर बोलणार, हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ते साहजिक आहे. मी डॉक्टर नाही. शाळा मी आठवीत सोडली. त्यानंतर जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, पाळी सुटून माणसे येईपर्यंतच्या फावल्या वेळात. या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. एका चुकीमुळे वळलो. ती चूक माझी होती आणि ती सांगितल्यावाचून पुढचे विवेचन करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पंधरासोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक तरुण सभासद संध्याकाळी कचेरीत आला. त्याची बायको पहिलटकरीण होती. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून दहा दिवस झाले होते. डॉक्टरीणबाईंचे म्हणणे असे की, उद्या भरती करा, आम्ही औषध देऊन कळा सुरू करू. घरातली वडीलधारी माणसे म्हणत होती की, फळ पिकले की आपोआप गळते, ओढून कशाला तोडायचे? त्याने मला विचारले, "अण्णा, काय करू?" मी म्हणालो, "अरे, भरती केली की बिल सुरू होते. मूल हलते आहे ना? मग थांब." ते थांबले. चार दिवसांनी मुलाची हालचाल मंदावली, आणि इस्पितळात पोचेपर्यंत मूल पोटातच गेलेले होते.

थांबल्यामुळेच ते मूल गेले, असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. परंतु मी जो सल्ला दिला तो माहिती नसताना दिला, एवढे मात्र मी शपथेवर सांगू शकतो. पुढे ठेवलेल्या प्रत्येक कागदाकडे संशयाने पाहावे, हे मी जन्मभर कामगारांना शिकवीत आलो. पण संशय घेणे म्हणजे विचारणे. न विचारता नकार देणे नव्हे. त्या दिवशी मी विचारले काहीच नाही, नुसता नकार दिला. तेव्हापासून या विषयावर हाती लागेल ते वाचीत गेलो, जाणत्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना विचारीत गेलो. त्यातून जे कळले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम वेळेचा हिशेब पाहू. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजले की जी तारीख येते ती प्रसूतीची अपेक्षित तारीख. 'अपेक्षित' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. नेमक्या त्या तारखेला फार थोडी मुले जन्मतात. ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे, आणि ४२ आठवडे पूर्ण झाले की दिवस उलटलेले, असे वैद्यकशास्त्र मानते. मधल्या पाच आठवड्यांत बहुतेक बाळंतपणे आपल्या गतीने होतात. तेव्हा तारीख उलटली म्हणून दुसऱ्या दिवशी घाबरण्याचे कारण नाही. परंतु तारीख उलटत राहिली तर बेफिकीर राहणेही शहाणपणाचे नाही, कारण दिवस जसजसे उलटतात तसतसे पोटातील पाणी कमी होऊ लागते, वारेची शक्ती मंदावण्याचा संभव वाढतो, आणि मूल पोटातच शी करण्याचे प्रमाणही वाढते. धोका एकंदरीत लहानच असतो, पण तो चढत जाणारा असतो.

आता कळा म्हणजे काय? गर्भाशय हा एक बळकट स्नायू आहे, आणि त्याचे तोंड हा त्याचा दरवाजा. नऊ महिने हा दरवाजा घट्ट मिटलेला असावा लागतो. त्या काळात तो हाताला नाकाच्या शेंड्यासारखा टणक लागतो. दिवस भरत आले की ओठासारखा मऊ होतो, असे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. मऊ होणे, आखूड होणे आणि मग दहा सेंटिमीटरपर्यंत उघडणे, हा त्याचा क्रम. मऊ होण्याचे काम मुख्यतः प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात. कळा जोरकस करण्याचे काम मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून येणारे ऑक्सिटोसिन करते. म्हणजे दरवाजा तयार करणे हे एक काम, आणि आतून रेटा देणे हे दुसरे. कृत्रिम उपायांनी कळा सुरू करण्याच्या शास्त्राचे सारे यशापयश या दोन कामांचा क्रम पाळण्यावर अवलंबून आहे. दरवाजा बंद असताना रेटा दिला तर दरवाजाही त्रासतो आणि आतला जीवही.

हे कळायला माणसाला फार दिवस लागले. इंग्लंडात अठराव्या शतकात, ज्या स्त्रियांची कटी अरुंद आहे त्यांची पाणमोट मुद्दाम फोडून प्रसूती लवकर घडवावी काय, याचा खल तेथील नामांकित वैद्यांनी १७५६ साली लंडनमध्ये केला. अमेरिकेत १८०८ नंतर राय नावाच्या धान्यावरील अर्गट ही बुरशी कळा वाढवण्यासाठी सर्रास वापरली जाऊ लागली. तिच्याने गर्भाशय असे आवळून धरले जाई की मधे सैल पडतच नसे. मुले दगावू लागली. तेव्हा १८२४ साली डेव्हिड होसॅक या डॉक्टरांनी इशारा दिला की, हे औषध मूल जन्मल्यानंतर रक्तस्राव थांबवण्यासाठी द्यावे, जन्मापूर्वी देऊ नये. पुढे १९०६ साली हेन्री डेल यांनी त्या मेंदूतळाच्या ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते हे दाखवले, आणि १९५३ साली व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले. १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आज सलाइनमधून जे थेंब सोडतात ते हेच द्रव्य.

या इतिहासातून एक धडा निघतो. कळा आणणारी शक्ती हाती आली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. ती केव्हा, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली वापरावी हा खरा प्रश्न आहे.

'केव्हा' याचे उत्तर आधी घेऊ. काही वेळा थांबण्यातच धोका असतो. आईचा रक्तदाब चढला आणि त्याबरोबर लघवीतून प्रथिन जाऊ लागले, तर झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. हॉलंडमध्ये ३६ ते ४१ आठवड्यांच्या, सौम्य रक्तदाबाच्या ७५६ स्त्रियांची पाहणी झाली. ती २००९ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ज्यांच्या कळा मुद्दाम सुरू केल्या त्यांच्यात आईच्या प्रकृतीला अपाय होण्याचे प्रमाण शेकडा ३१ होते. ज्यांना वाट पाहत ठेवले त्यांच्यात शेकडा ४४. मधुमेह असणे, मुलाची वाढ खुंटणे, दिवस भरल्यावर पाणमोट फुटूनही कळा न येणे, ही अशीच दुसरी कारणे. उलट वार गर्भाशयाच्या तोंडावरच असेल किंवा मूल आडवे असेल, तर कळा सुरू करण्याचा विचारसुद्धा करावयाचा नसतो. तेथे शस्त्रक्रियाच करावी लागते.

आणि ज्या बाईला कोणताही विकार नाही, फक्त दिवस उलटले आहेत, तिचे काय? माझी चूक नेमकी येथे झाली होती, म्हणून येथे थोडे थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली आणि पुन्हा २०१८ साली सांगितले की, ४१ आठवडे पूर्ण झाल्याची खात्री असेल तर कळा सुरू कराव्यात. आणि सगळे सुरळीत असेल तर त्याआधी करू नयेत. हा सल्ला कशावर आधारलेला आहे? जगातील अशा पाहण्या एकत्र करून २०२० साली जो आढावा निघाला त्यात २२ पाहण्यांतील १८,७९५ बालकांचा हिशेब आहे. कळा सुरू करण्याचे धोरण ज्यांच्यासाठी ठेवले त्या गटात ४ बालके दगावली. वाट पाहणाऱ्या गटात २५. शस्त्रक्रियेचे प्रमाणही कळा सुरू केलेल्या गटात किंचित कमीच निघाले. स्वीडनमध्ये ४१ आठवडे झाल्यावर लगेच कळा सुरू करणे आणि ४२ पर्यंत थांबणे यांची तुलना सुरू झाली होती. दहा हजार स्त्रियांची योजना होती. २,७६० झाल्या तेव्हा थांबलेल्या गटात ६ बालके गेली होती, दुसऱ्या गटात एकही नाही. पाहणी तेथेच बंद केली. हे २०१९ साली प्रसिद्ध झाले.

परंतु आकडे दोन्ही बाजूंनी वाचावे लागतात, हे पगारवाढीच्या वाटाघाटीत मी पुष्कळदा अनुभवले आहे. त्याच आढाव्याचा दुसरा हिशेब असा की, एक मृत्यू टाळण्यासाठी सुमारे ५४४ स्त्रियांच्या कळा सुरू कराव्या लागतात. म्हणजे बाकीच्या ५४३ जणींचे थांबूनही बिघडले नसते. तेव्हा एखादी बाई सारे समजून घेऊन, रोजची तपासणी करवून घेत आणखी दोन दिवस थांबते म्हणाली, तर ती वेडी ठरत नाही. पण तिला हा आकडा माहीत असला पाहिजे. मी ज्याला 'थांब' म्हणालो त्याला तो माहीत नव्हता, आणि मलाही नव्हता.

अमेरिकेतील २०१८ च्या एका मोठ्या पाहणीचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण तिचे नाव घेऊन पुष्कळ काही सांगितले जाते. कोणताही धोका नसलेल्या ६,१०६ पहिलटकरणींपैकी अर्ध्यांच्या कळा ३९ व्या आठवड्यात सुरू केल्या. त्यांच्यात सिझेरिअनचे प्रमाण शेकडा १८.६ निघाले, तर थांबलेल्यांत २२.२. कळा सुरू केल्या की सिझेरिअन हमखास, अशी जी समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे तिला यामुळे धक्का बसला, हे चांगलेच झाले. मात्र मुलांच्या प्रकृतीत निश्चित म्हणावा असा फरक आढळला नाही. आणि ज्यांना विचारले त्यांतील बहुतेकींनी या पाहणीत भाग घेण्यासच नकार दिला होता. शिवाय तेथे देखरेखीला माणसे होती, तारखा पक्क्या होत्या, घाई नव्हती. ते सारे असेल तरच तो निष्कर्ष आपल्याला लागू. माणसे नसताना नुसता निष्कर्ष उसना आणणे म्हणजे यंत्र न आणता त्याचे उत्पादन मागण्यासारखे आहे.

आता 'कसे' याकडे वळू. १९६४ साली एडवर्ड बिशप या अमेरिकन डॉक्टरांनी एक साधी गुणपद्धती सुचवली. गर्भाशयाचे तोंड किती उघडले, किती आखूड झाले, किती मऊ आहे, त्याची दिशा कोणती, आणि मुलाचे डोके किती खाली उतरले, या पाच गोष्टींना मिळून १३ गुण. आठ किंवा अधिक गुण असले तर कळा सुरू करणे आपोआप सुरू झालेल्या कळांइतकेच यशस्वी होते असे समजतात. सहा किंवा कमी असले तर दरवाजा अजून तयार नाही. आधी तो तयार करावयाचा. यासाठी यंत्र लागत नाही, जाणत्या हाताची दोन बोटे लागतात. पण हे गुण न पाहता थेट सलाइन लावले जाते तेव्हा फसगत होते, आणि मग लोक म्हणतात, "बघा, कळा आणायला गेले आणि पोट कापले."

दरवाजा तयार करण्याचे उपाय मुख्यतः दोन. पहिला औषधाचा. प्रोस्टाग्लँडिनचे जेल आत ठेवतात. ते शीतपेटीत ठेवावे लागते. मिसोप्रोस्टॉलची गोळी स्वस्त आहे आणि साध्या हवेत टिकते. ही गोळी मुळात पोटाच्या व्रणासाठी निघाली. प्रसूतीसाठी तिची मात्रा अगदी सूक्ष्म, २५ मायक्रोग्रॅम, तोंडाने दर दोन तासांनी. व्रणाची गोळी २०० ची असते, म्हणजे आठपट. ती नखाने किंवा पात्याने तोडून अंदाजाने देणे हा जिवाशी खेळ आहे. जिचे आधी सिझेरिअन झाले आहे तिला ही गोळी देऊ नये, कारण जुनी शिवण उसवून गर्भाशय फाटण्याचा धोका असतो. दुसरा उपाय नळीचा. लघवीसाठी वापरतात तीच फोलेची रबरी नळी गर्भाशयाच्या तोंडातून आत सरकवून तिच्या टोकाचा फुगा पाण्याने फुगवतात. फुगा आतून हलका दाब देत राहतो. तोंड तीनेक सेंटिमीटर उघडले की तो आपोआप बाहेर पडतो. औषध नसल्यामुळे कळा बेफाम होण्याचा संभव यात कमी.

या दोहोंत सरस कोणता, याची एक महत्त्वाची पाहणी परदेशात कोठे नव्हे, आपल्या नागपुरात झाली. तेथील दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाबाच्या ६०२ स्त्रियांना एकतर तोंडाने मिसोप्रोस्टॉल दिले किंवा फोलेची नळी वापरली. चोवीस तासांच्या आत नैसर्गिक मार्गाने बाळंत होणाऱ्यांचे प्रमाण गोळीच्या गटात शेकडा ५७, नळीच्या गटात ४७ असे निघाले. २०१७ साली हे लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आपल्या विदर्भातील गरीब स्त्रियांनी भाग घेऊन जे ज्ञान दिले, ते आता जगभरच्या डॉक्टरांना उपयोगी पडते आहे. या पाहणीतून आणखी एक गोष्ट दिसते. अशा योग्य प्रयत्नातही चोवीस तासांत सगळ्या बाळंत होत नाहीत; जवळजवळ निम्म्या होत नाहीत. घरच्यांनी हे आधीच मनात धरून यावे.

दरवाजा तयार झाला की मग पाणमोट फोडणे आणि ऑक्सिटोसिनचे सलाइन. सलाइनचा गुण असा की, त्याचे थेंब मोजता येतात आणि बंद केले तर काही मिनिटांत त्याचा जोर ओसरू लागतो. मूल जन्मण्यापूर्वी कळा वाढाव्यात म्हणून दंडात किंवा कमरेत ऑक्सिटोसिनची सुई टोचण्याची जी वाईट चाल काही ठिकाणी आढळते, तिच्यात हाच गुण नाही. टोचलेले औषध परत काढून घेता येत नाही. अशी सुई कोणी देऊ लागले तर सरळ विरोध करा. एरंडेल पाजण्याच्या जुन्या उपायाने मळमळ आणि जुलाब होतात; आधीच अवघडलेल्या बाईला तो शीण कशाला?

आता परिणाम चांगला व्हावा यासाठी काय लागते ते पाहू. पहिली गोष्ट देखरेख. ऑक्सिटोसिन किंवा मिसोप्रोस्टॉल दिलेल्या बाईला क्षणभरही एकटी सोडू नये, आणि शक्यतो जेथे सिझेरिअनची सोय आहे तेथेच हे करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. दहा मिनिटांत पाचाहून अधिक कळा येऊ लागल्या तर दोन कळांमध्ये मुलाला श्वासाची उसंत मिळत नाही. मग सलाइन थांबवून, आईला कुशीवर वळवून मुलाचे ठोके पाहावे लागतात. हे पाहायला माणूस हवे. रात्रपाळीला एका सिस्टरच्या अंगावर आठदहा बाळंतिणी असतील तर ती कितीही कर्तबगार असली तरी कोणाकोणाच्या उशाशी बसणार? तेथे दोष सिस्टरचा नसतो, नेमणुकीचा असतो. सार्वजनिक रुग्णालयांत परिचारिकांच्या जागा भरा, ही मागणी आम्ही करतो तेव्हा ती केवळ नोकरभरतीची मागणी नसते, हे शहरातील सुजाण नागरिकांनी ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट धीर. पहिलटकरणीच्या कळा औषधाने सुरू केल्या तर मूल होईपर्यंत दोनतीन दिवसही जाऊ शकतात. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थांनी २०१४ साली ठरवले की, आई आणि मूल ठीक असतील तर सुरुवातीच्या संथ कळांना चोवीस तास किंवा अधिक वेळ द्यावा, आणि पाणमोट फुटल्यानंतर निदान बारा ते अठरा तास ऑक्सिटोसिन चालू ठेवल्याखेरीज प्रयत्न फसला असे म्हणू नये. कित्येक शस्त्रक्रिया मुलाला धोका म्हणून होत नाहीत, माणसांचा धीर सुटला म्हणून होतात. आणि तो नेहमी डॉक्टरांचाच सुटतो असे नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला गरोदरपणात मधुमेह निघाला आणि ३९ व्या आठवड्यात कळा सुरू करण्याचे ठरले. निर्णय तिने घेतला. मी फक्त प्रश्नांचा एक कागद तिच्या हाती दिला होता. पहिला दिवस गोळ्यांत गेला, रात्री नळी घातली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही दिसेना तेव्हा माझ्यातला मोर्चेवाला जागा झाला आणि मी तावातावाने सिस्टरकडे निघालो. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, फुगा बाहेर पडलाय. म्हणजे दार उघडू लागलंय. ठोके चांगले आहेत. तुम्ही चहा घेऊन या." तिसऱ्या दिवशी पहाटे नात झाली. चहा घेऊन येणे हेही एक काम आहे, हे मी त्या दिवशी शिकलो.

तिसरी गोष्ट सोबत. आईच्या विश्वासाची एक बाई बाळंतपणात जवळ असली तर परिणाम सुधारतो, हे आता जगभर मान्य झाले आहे. आपल्या आजीला हे ठाऊक होते. प्रसूतिगृहाच्या दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी लागली तेव्हा आपण ते विसरलो.

चौथी गोष्ट सर्वांच्या आधीची, ती म्हणजे तारीख पक्की असणे. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीने ही तारीख बरीच अचूक ठरते. पुढे अंदाज सैल होत जातो. तारीखच चुकली तर ३८ आठवड्यांच्या मुलाला ४१ चे समजून घाईने बाहेर काढले जाईल, किंवा ४२ वाले मूल ४० चे समजून आत राहील. आता जी बाई रोजंदारीवर जाते किंवा चार घरची धुणीभांडी करते, ती पहिल्या तीन महिन्यांत तपासणीला का येत नाही? कारण एक दिवसाचा खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. १९६१ साली सबंध देशासाठी कायदा आला, २०१७ साली रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसांवर गेली. पण रोजंदारीवरच्या बाईच्या हाती यातले फारसे पडत नाही. तिच्या बाळंतपणाचा परिणाम सुधारावयाचा असेल तर सुरुवात प्रसूतिगृहात नव्हे, तिसऱ्या महिन्यातील त्या एका भरपगारी सुट्टीपासून करावी लागेल. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला ती सुट्टी देणे आपल्यापैकी पुष्कळांच्या हाती आहे. त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

शेवटी आपल्या शहरी समाजाचा एक दोष सांगितला पाहिजे. पंचांग पुढे करून, अमुक मुहूर्तावर मूल जन्मले पाहिजे असा हट्ट धरणारी सुशिक्षित घराणी मी पाहिली आहेत. कोणाला जावयाची रजा सांभाळायची असते, कोठे डॉक्टरांना परगावी जायचे असते. ही सारी कारणे मोठ्यांची. जन्मणाऱ्याचे त्यात एकही नाही. कारण नसताना घाई करणे आणि कारण असताना थांबणे, या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. दोन्हींत आपण आईच्या आणि मुलाच्या प्रकृतीऐवजी दुसरेच कोणते तरी घड्याळ पाहत असतो. त्या तरुणाला सल्ला देताना मी बिलाचे घड्याळ पाहिले.

म्हणून माझ्या मुलीला जो कागद दिला त्यावरचे प्रश्न आपल्यालाही देतो. कळा सुरू करण्याचे कारण काय? आजच का, आणि दोन दिवस थांबले तर काय धोका? तारीख कशावरून ठरवली? गर्भाशयाचे तोंड किती तयार आहे? उपाय कोणता, गोळी, नळी की सलाइन? रात्री जवळ कोण असेल? प्रयत्न फसला असे केव्हा मानाल, आणि मग काय कराल? सही त्या बाईची असते, म्हणून उत्तरेही तिला मिळाली पाहिजेत. सासऱ्यांना किंवा नवऱ्याला नव्हे. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट, काम सोपे होते.

आणि प्रश्नांच्या पलीकडची एक गोष्ट. दिवस भरत आलेल्या बाईला मुलाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर कोणाला काही विचारीत बसू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी रात्रीच, इस्पितळ गाठावे. "सकाळी बघू" म्हणू नये.

त्या माझ्या सभासदाला पुढे दोन मुले झाली. दुसऱ्या खेपेस तारीख उलटली तेव्हा तो पुन्हा कचेरीत आला होता. मी त्याला उत्तर दिले नाही. त्याच्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेलो, बाहेरच्या बाकावर बसलो, आणि त्या दोघांना आत जाऊन स्वतः विचारायला सांगितले.